एका वाड्यातल्या दोन चुली

मराठी समीक्षेला स्फटिक फार प्रिय आहे. शैली स्वच्छ असली की ती स्फटिकासारखी असते, अनुभव आकाराला आला की त्याचे 'स्फटिकीभवन' झालेले असते, आणि कथेत शब्द मोजके असले की तिला पैलू पडल्याचे सांगितले जाते. या सर्व प्रयोगांमागे स्फटिकाविषयीची एक ठाम समजूत आहे. स्फटिक म्हणजे शुद्ध, पारदर्शक, आतबाहेर सारखा आणि मुख्य म्हणजे पूर्ण झालेला. जे व्हायचे ते होऊन गेले, आता त्यात काही घडायचे उरलेले नाही. याच समजुतीची दोन भावंडे म्हणजे 'एकजीव' आणि 'रसायन' हे शब्द. कादंबरीत दोन बोली आल्या, दोन परंपरा आल्या, की त्या 'एकजीव झाल्या आहेत' असे म्हणणे ही स्तुती आणि 'एकजीव झालेल्या नाहीत' असे म्हणणे हा ठपका. तिसरा पर्याय आपल्या शब्दसंग्रहात जवळजवळ नाहीच.

तो तिसरा पर्याय मला येथे मांडायचा आहे, आणि तो मी साहित्यातून नव्हे तर मिठातून आणि दगडातून उचलणार आहे. साहित्याच्या अभ्यासकाने विज्ञानाकडून उपमा उसन्या घेऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. घ्याव्यात, पण त्यांच्या अटींसकट घ्याव्यात. या उसनवारीचा आजवरचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. टी. एस. एलियटचा 'ट्रॅडिशन अँड द इंडिव्हिज्युअल टॅलेंट' हा १९१९ चा निबंध आपल्याकडे पदव्युत्तर वर्गांत वर्षानुवर्षे शिकवला जातो. त्यातली प्लॅटिनमच्या तारेची उपमा सर्वांना पाठ असते: ऑक्सिजन आणि सल्फर डायऑक्साइड यांच्या मिश्रणात तार धरली की सल्फ्युरस आम्ल तयार होते आणि तार मात्र जशीच्या तशी राहते, कवीचे मन त्या तारेसारखे. आता हे रसायनच मुळात चुकलेले आहे. प्लॅटिनमच्या सान्निध्यात त्या दोन वायूंपासून सल्फर ट्रायऑक्साइड होतो, आणि त्यातून पुढे सल्फ्युरिक आम्ल. सल्फ्युरस आम्लाला सल्फर डायऑक्साइड आणि पाणी एवढेच पुरते, प्लॅटिनम लागत नाही. एलियटचा मुद्दा त्यामुळे कोसळतो असे नाही. परंतु इतक्या वर्गांतून, इतक्या उत्तरपत्रिकांतून ही तार फिरत असताना ती खरोखर काय करते हे विचारावेसे फार थोड्यांना वाटते, ही गोष्ट आपल्याविषयी काही सांगते.

स्तांदालचे उदाहरण अधिक जवळचे, कारण त्याच्याकडे खरा स्फटिक आहे. प्रेमावरच्या १८२२ च्या ग्रंथात त्याने साल्झबुर्गच्या मिठाच्या खाणीची गोष्ट सांगितली आहे. खाणीत टाकून दिलेली एक निष्पर्ण फांदी दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढली तर ती लखलखत्या स्फटिकांनी मढलेली असते. प्रियकराचे मनही प्रिय व्यक्तीला असेच मढवते. उपमा सुंदर आहे आणि मीठ खरेच तसे वागते. मात्र स्तांदालने मीठ बाहेरून पाहिले. आत पाहिले असते तर त्याला प्रेमापेक्षा संसाराविषयी अधिक सुचले असते.

मिठाच्या आत काय आहे ते आपण शाळेत शिकतो. सोडियमचा धन आयन आणि क्लोरिनचा ऋण आयन एकाआड एक, तिन्ही दिशांना रचलेले. सोडियमच्या जागी पोटॅशियम ठेवला तर पोटॅशियम क्लोराइड हे दुसरे मीठ मिळते. रचना तीच, फक्त घराचे मोजमाप मोठे, कारण पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने मोठा आहे. (कमी सोडियमचे म्हणून जे मीठ दुकानात मिळते त्यात ही दोन्ही मिठे असतात, पण तिथे त्यांचे कण नुसते शेजारी पडलेले असतात, तांदळात खडे असावेत तसे. तो आपला विषय नव्हे.) ही दोन मिठे एकत्र वितळवून त्यांचा स्फटिक होऊ दिला, तर साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या वर कोणत्याही प्रमाणात दोन्ही धन आयन एकाच रचनेत सुखाने नांदतात. कुठल्या जागी सोडियम आणि कुठल्या जागी पोटॅशियम, याला काही नियम नाही. विज्ञानाच्या परिभाषेत हा 'घन विद्राव': घन असून विरघळलेला. आपला 'एकजीव' हा शब्द येथे अक्षरशः लागू पडतो.

तो लागू पडतो तो उष्णतेच्या जोरावर. तापमान जास्त असते तेव्हा मांडणीच्या असंख्य शक्यतांना महत्त्व असते, आणि मिसळून राहण्याच्या तऱ्हा वेगळे राहण्याच्या तऱ्हांपेक्षा कितीतरी अधिक असतात. तापमान उतरले की या शक्यतांचे वजन घटते आणि दुसरा हिशेब पुढे येतो: मोठ्या आयनाशेजारी लहान आयन बसवायचा तर सगळ्या रचनेला आखडावे-ताणावे लागते, आणि त्याची किंमत असते. चढत्या काळात जी भांडणे कोणाला आठवत नव्हती ती उतरत्या काळात आठवू लागतात. एकत्र कुटुंबात हे आपण पाहिलेलेच आहे. मग वाटणी सुरू होते. सोडियम सोडियमकडे सरकतो, पोटॅशियम पोटॅशियमकडे, आणि एका स्फटिकाच्या पोटात दोन प्रकारचे प्रदेश तयार होतात. अशा प्रत्येक प्रकारच्या प्रदेशाला 'प्रावस्था' म्हणतात. शब्द जड आहे, पण कामाचा आहे.

या वाटणीतली एक गोष्ट मला विलक्षण वाटते. पाण्यात टाकलेला शाईचा थेंब पसरतो: जिथे दाटी आहे तिथून जिथे विरळ आहे तिकडे. विसरण म्हणजे दाटीकडून विरळाकडे, असे आपण गृहीत धरतो. पण थंड होणाऱ्या मिश्र स्फटिकात, विशिष्ट मर्यादेच्या आत, आयन उलटे जातात: विरळाकडून दाटीकडे. जिथे सोडियम योगायोगाने किंचित जास्त जमला तिथे आणखी सोडियम ओढला जातो. कोणी सुरुवात करावी लागत नाही, बीज पडावे लागत नाही. साऱ्या स्फटिकभर एकाच वेळी सूक्ष्म लाटा उठतात आणि वाढत जातात. या मर्यादेची कल्पना एकोणिसाव्या शतकात गिब्ज आणि व्हान डर वाल्स यांच्यापाशी जाते. तिचे आजचे गणित जॉन कान आणि जॉन हिलिअर्ड यांच्या १९५८ च्या आणि कान यांच्या १९६१ च्या लेखनातून उभे राहिले. त्या गणितातला महत्त्वाचा भाग असा की या लाटांना स्वतःची एक लांबी असते. फार बारीक लाट सीमारेषांच्या खर्चाने मरते, फार लांब लाटेला आयनांना दूरवर चालावे लागते म्हणून ती रेंगाळते. मधली कोणती तरी लांबी जिंकते, आणि स्फटिकाच्या आत एक वीण दिसू लागते. कोणीही न विणलेली.

आता मिठावरून दगडाकडे. पृथ्वीच्या कवचाचा निम्म्याहून अधिक भाग फेल्स्पार या खनिजगटाचा आहे, म्हणजे आपण ज्याला सर्वसाधारणपणे 'दगड' म्हणतो त्यात बहुधा फेल्स्पारच असतो. त्याची रचना मिठाहून गुंतागुंतीची. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा एक भक्कम सांगाडा आणि त्या सांगाड्यातल्या पोकळ्यांत बसलेले सोडियमचे वा पोटॅशियमचे आयन. काटेकोर बोलायचे तर सांगाड्याचे बंध अर्धे आयनी आणि अर्धे दुसऱ्या जातीचे आहेत. पोकळीत राहणारे मात्र निखळ आयन. सुमारे ६०० ते ७०० अंशांच्या वर हे दोन्ही आयन सांगाड्यात हवे तसे मिसळून राहतात. खडक सावकाश थंड झाला की येथेही वाटणी होते. पण येथे एक अडचण आहे. सांगाडा सामाईक आहे. आयन जागा बदलतात, भिंती बदलत नाहीत. वाडा तोच राहतो, जोते तेच, तुळया त्याच. आत मात्र दोन चुली पेटलेल्या असतात. एक थर सोडियमचा, एक पोटॅशियमचा, पुन्हा सोडियमचा, आणि सगळ्यांतून सांगाडा अखंड गेलेला.

चंद्रकांत मणी म्हणून जो दगड आज जवाहिऱ्याकडे मिळतो तो हाच. श्रीलंकेच्या नैर्ऋत्येला, मीटियागोडाच्या खाणीतून येणारा चंद्रकांत निळसर झळाळीसाठी प्रसिद्ध आहे. दगड हलवला की आत चांदण्यासारखा प्रकाश सरकतो. हा प्रकाश कोणत्याही रंगद्रव्याचा नव्हे. थरांची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीशी नाते सांगण्याइतकी. आणि दोन प्रकारच्या थरांतून प्रकाश किंचित वेगळ्या वेगाने जातो. तेवढ्या फरकावर निळा प्रकाश परततो. थर जाड झाले की झळाळी पांढुरकी होते, आणखी जाड झाले की मावळते.

संस्कृत वाचलेल्यांना चंद्रकांत वेगळ्या कारणाने ठाऊक असतो. चंद्र उगवला की तो पाझरतो. मेघदूताच्या उत्तरार्धात अलकेतल्या स्त्रियांचा शीण चंद्रकांताच्या जलबिंदूंनी उतरतो, भवभूतीही उगवत्या चंद्राने द्रवणाऱ्या चंद्रकांताचा दाखला देतो, ज्ञानेश्वरीत तो सोमकांत होऊन येतो. हा कविसमय आहे, आणि कवींचा मणी व जवाहिऱ्याचा फेल्स्पार एकच असे मानण्याचे कारण नाही. नाव एक, वस्तू दोन. पण पाण्याची ही गोष्ट लक्षात ठेवावी. तिचा पुढे संबंध येणार आहे.

हा दगड आतून दुहेरी आहे हे प्रथम क्ष-किरणांनी दाखवले. जपानमध्ये कोझू आणि एंडो यांनी १९२१ मध्ये चंद्रकांताची क्ष-किरण छायाचित्रे घेतली, तेव्हा एकाच स्फटिकातून दोन जालकांच्या खुणा उमटल्या. दगड बराच तापवला तेव्हा त्या दोन खुणांची एक झाली. १९३० मध्ये एडमंडसन स्पेन्सर यांनी सिलोनचे चंद्रकांत घेऊन याच प्रश्नाचा विस्ताराने अभ्यास केला. पुढे १९५० मध्ये बंगळूरला, स्वतःच्या नव्या संस्थेत, चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ए. जयरामन आणि टी. के. श्रीनिवासन यांच्यासह सिलोनच्या चंद्रकांतावर निबंध लिहिला आणि त्याच्या प्रकाशाचा उगम त्याच्या अंतर्गत विषमतेत शोधला. रामन यांना रत्नांचा आणि खनिजांचा मनापासून नाद होता. नोबेल मिळून वीस वर्षे झालेला माणूस एका अल्पमोली दगडाच्या झळाळीवर बसून राहतो, याचे मला फार अप्रूप वाटते. आपल्याकडे मान्यता मिळालेले समीक्षक सहसा इतक्या लहान वस्तूवर इतका वेळ घालवत नाहीत.

तापवल्यावर दोनाचे एक होते, याचा अर्थ नीट पाहावा. चंद्रकांत 'एकजीव' केला की त्याचा चंद्र जातो. उरतो तो एक स्वच्छ, पारदर्शक, निर्दोष आणि पूर्णपणे सामान्य दगड. ज्वालामुखीतून चटकन थंड झालेल्या खडकांत असा फेल्स्पार आढळतो: वाटणीला वेळच न मिळाल्यामुळे मिसळलेलाच राहून गेलेला. त्याला सॅनिडीन म्हणतात. समीक्षेतला आदर्श स्फटिक तो हाच.

दुसऱ्या टोकाला ग्रॅनाइट. गुलाबी किंवा लालसर ग्रॅनाइटचा ओटा ज्यांच्या घरी असेल त्यांनी त्यातले मोठे गुलाबी दाणे जवळून पाहावेत. पुष्कळदा त्यांत पांढुरक्या बारीक शिरा दिसतात. गुलाबी भाग पोटॅशियमचा, शिरा सोडियमच्या. येथे वाटणी डोळ्यांना दिसण्याइतकी पुढे गेली आहे. कॅनडातील ओन्टारिओ प्रांतातल्या पर्थ गावावरून टॉमस टॉमसन यांनी १८४३ मध्ये अशा दगडाला 'पर्थाइट' नाव दिले. यात चांदणे नाही. दुकानात 'ब्लू पर्ल ग्रॅनाइट' म्हणून मिळणारा काळपट निळा चमकता दगड मात्र ग्रॅनाइट नव्हेच; तो नॉर्वेच्या लार्विक भागातला खडक, आणि त्याची चमक चंद्रकांताच्याच कुळातली. आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्येही फेल्स्पार भरपूर आहे, आणि त्यातला बराचसा घटकांच्या हिशेबाने लॅब्रडोराइट या जातीचा, जिच्या कॅनडातल्या नमुन्यांत मोरपिसासारखे रंग खेळतात. सह्याद्रीत ते रंग नाहीत. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या लाव्ह्याच्या थरांना इतके सावकाश थंड होण्याची सवड मिळाली नाही.

या सगळ्या पसाऱ्यातून माझ्या मते एक गोष्ट उचलण्याजोगी आहे. सॅनिडीन, चंद्रकांत आणि पर्थाइट या तिघांचे रासायनिक पृथक्करण केले तर उत्तर एकच येऊ शकते: इतका सोडियम, इतका पोटॅशियम, इतका सिलिकॉन. प्रमाण तेच, दगड तीन. फरक प्रमाणात नाही. तो मांडणीच्या मापात आहे, आणि ते माप दगडाने कसे दिवस काढले यावरून ठरले आहे. थरांची जाडी मोजून खडक किती वेगाने थंड झाला याचा अंदाज भूवैज्ञानिक बांधतात तो याच आधारावर.

आणि मग 'स्थिर' हा शब्द. चंद्रकांत स्थिर आहे का? मराठीत हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना चालतो. डोंगराच्या पायथ्याशी विसावलेला धोंडा स्थिर, आणि अर्ध्या उतारावर झुडपाला अडकलेला धोंडाही स्थिर. सोडियम आणि पोटॅशियम यांची निव्वळ इच्छा विचारली तर त्यांना पूर्ण फारकत हवी आहे: दोन वेगळे स्फटिक, मध्ये एकच सीमा. तिथवर ते पोचत नाहीत, याची कारणे दोन. पहिले कारण सामाईक सांगाडा. मोठ्या आयनाचा थर आणि लहान आयनाचा थर एकाच अखंड सांगाड्यात बसवायचे तर दोघांनाही ताण सोसावा लागतो. त्या ताणामुळे वाटणी मुळात उशिरा, कमी तापमानाला सुरू होते, आणि सुरू झाल्यावरही थर वाटेल तसे उभे राहू शकत नाहीत, ज्या तिरक्या प्रतलात ताण कमीत कमी पडतो त्यातच राहतात. म्हणून ती वीण इतकी नीटस. दुसरे कारण अगदी साधे: थंडी. काही शे अंशांखाली आयनांचे चालणेच थांबते. पहिले कारण समझोत्याचे आहे, दुसरे नाइलाजाचे. आपण दोन्हींना 'स्थिर' म्हणून मोकळे होतो.

झुडूप निघाले तर काय होते हे दक्षिण ग्रीनलंडच्या क्लॉकेन भागातल्या खडकांत दिसते. इयन पार्सन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा दीर्घ काळ अभ्यास केला. एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीचे हे खडक. ज्या दाण्यांपर्यंत पाणी पोचले नाही ते आजही मोत्यासारखे चमकतात, थरन्थर जागच्या जागी. ज्यांत खडक थंड होत असतानाच गरम पाणी शिरले ते मातकट, गढूळ झाले. त्यात जाडेभरडे ठिगळांसारखे प्रदेश आणि असंख्य सूक्ष्म छिद्रे. पाणी ताणलेला सांगाडा विरघळवते आणि शेजारीच ताण नसलेला नवा स्फटिक जमवते. ज्या ताणाने चंद्रकांत सावरला होता तोच ताण पाण्याला हे काम करायला लावतो. थोडक्यात, कवींच्या चंद्रकांतातून पाणी पाझरते आणि भूवैज्ञानिकांचा चंद्रकांत पाण्याने विझतो. भवभूतीला हे आवडले असते की नाही सांगता येत नाही, मला आवडते.

अशी अर्धी वाटणी नेहमी हवीशीच असते असेही नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट हे आजच्या अनेक विजेच्या गाड्यांच्या बॅटरीतले द्रव्य. पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांच्या १९९७ च्या निबंधाने ते पुढे आले. बॅटरी भरताना त्याच्या स्फटिकातून लिथियम बाहेर पडतो, पण सगळीकडून सारखा नव्हे. लिथियमने भरलेला आणि लिथियम गेलेला असे दोन प्रदेश होतात. दोघांच्या आकारमानात सुमारे ७ टक्क्यांचा फरक, आणि दर भरण्या-वापरण्यात सीमा इकडून तिकडे सरकत राहते. येथे चांदणे कोणाला नको आहे; येथे तडे नको आहेत. म्हणून कण अतिसूक्ष्म करतात, कारण लहान कणात दोन प्रदेशांना आणि त्यांच्यातल्या ताणाला जागाच पुरत नाही. प्रवाह पुरेसा वेगवान असेल तर वाटणीला सवडच मिळत नाही, असे मार्टिन बझांट यांच्या गटाने २०११ मध्ये गणिताने मांडले. एकजीवपणा हा येथे खरा गुण आहे. कशासाठी, हे विचारल्याशिवाय तो गुण की दोष हे ठरत नाही.

आता आपल्या अंगणात. बखरीच्या भाषेविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले आहे त्यात मोजणीचा मोठा वाटा आहे. राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले फार्सी शब्द मोजून त्यांचे प्रमाण कसे घटत गेले ते दाखवले, आणि ते काम मोलाचे आहे. पण ते रासायनिक पृथक्करण आहे. 'भाऊसाहेबांची बखर' वाचताना जाणवते ते प्रमाण नव्हे. सांगाडा मराठी आहे: क्रियापदे, अव्यये, विभक्तीचे प्रत्यय. त्याच्या पोकळ्यांत कधी फार्सी शब्द बसतो, कधी संस्कृत. ते यदृच्छेने विखुरलेले आहेत की त्यांचे थर आहेत? लष्कराच्या हालचालींच्या वर्णनात एक थर दाट होतो का, आणि दैवाची, भारती युद्धाची आठवण निघाली की दुसरा? थरांची जाडी किती: शब्दाची, वाक्याची, की प्रसंगाची? हे प्रश्न प्रमाणाच्या कोष्टकातून सुटत नाहीत, आणि 'फार्सी-मराठीचे एकजीव मिश्रण' या शेऱ्याने तर ते विचारायचेच राहतात.

नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'चे (१९७२) तसेच. त्याच्या प्रस्तावनेत विजय तेंडुलकरांना कित्येक शब्दांच्या अर्थापाशी थांबावे लागले होते, हे सर्वश्रुत आहे. त्या भाषेत कामाठीपुऱ्याची बोली आहे आणि अगदी पोथीतली वाटावी अशी संस्कृतप्रचुर पदेही आहेत. या दोन्ही 'एकजीव' झाल्या आहेत असे कौतुकाने लिहिले जाते तेव्हा मला ते कौतुक मूळ वस्तूवर अन्याय करणारे वाटते. त्या एकजीव झालेल्या नाहीत. त्या एकाच वाक्यरचनेत, एकमेकींचा ताण सोसत, अगदी जवळजवळ उभ्या आहेत, आणि वाचताना जो झटका बसतो तो त्या अंतराचा आहे. त्या वितळवल्या तर ढसाळ जातात. पूर्ण वेगळ्या काढल्या, तळटिपांत बोली आणि वर प्रमाणभाषा अशा, तरीही जातात. मर्ढेकरांनी आपल्या लयविचारात संवादाबरोबर विरोधालाही जागा दिली होती, हे येथे आठवते. मात्र त्यांचा विरोध शेवटी समतोलाच्या अंमलाखाली येतो. मी म्हणतो तो ताण कोणाच्या अंमलाखाली येत नाही. तो सांगाड्यामुळे फक्त टिकतो.

उपमा अटींसकट घ्यावी असे वर म्हटले, तेव्हा तिच्या मर्यादाही नोंदवतो. आयनांना इच्छा नसते, ढसाळांना होती. दगडाची वाटणी तापमान ठरवते, कवितेतल्या थरांची जागा लिहिणारा ठरवतो, आणि काही वेळा वाचणाराही. भाषेला थंडीने थांबणे माहीत नाही, बखरीतले कितीतरी फार्सी शब्द आज कोणालाच परके वाटत नाहीत: जिथे दीडशे वर्षांपूर्वी कदाचित दोन थर होते तिथे आज एकच दिसतो, आणि यात बखरीचे एक अक्षरही बदललेले नाही. असा प्रकार कोणत्याही फेल्स्पारमध्ये घडत नाही. म्हणून बखर शिकवताना विद्यार्थ्यांना फार्सी शब्द अधोरेखित करायला सांगण्यापूर्वी त्यांना त्यातले कोणते शब्द फार्सी वाटतात हे विचारून पाहावे. 'कागद', 'हवा', 'मजा' यांवर बहुतेकांची पेन्सिल उठणार नाही. 'फौज' वर थोडी रेंगाळेल. 'गिलचा' वर नक्की थांबेल.